पद्मिनीचे सुटे भाग: काय शोधायचं, काय दुरुस्त करायचं आणि काय नवंच घ्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९८३ ची प्रीमियर पद्मिनी, बरीच वर्षं शेडमध्ये उभी. खालून गंजलेली, इंजिन हाताने फिरतं, ब्रेक अजिबात नाहीत, क्रोम गेलेलं. सगळे पार्ट नवे घालून गाडी मूळ रूपात आणायची आहे, तर खरेदीची यादी आणि दुकानं सांगा.

यादी मी देत नाही, कारण यादी घेऊन बाजारात गेलात तर निम्मे पैसे नको त्या मालावर जातील. या गाडीचं लोखंड आणि पितळ बहुतेक दुरुस्त होतं, रबर नवंच लागतं, आणि क्रोम, काच, बीडिंग (बॉडीवरच्या चमकत्या पट्ट्या) जे मूळ आहे ते जपायचं. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. नवा पार्ट बसून, गाडी चार-पाचशे किलोमीटर चालून होईपर्यंत जुना पार्ट मिस्त्रीला, लेथवाल्याला किंवा भंगारवाल्याला द्यायचा नाही. कितीही झिजलेला असो, माप, आकार आणि भोकांच्या जागा त्याच्यावरच आहेत. तो गेला की तुमच्याकडे फक्त अंदाज उरतो.

आधी पुरवठ्याचं गणित समजून घ्या. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९६४ पासून फियाट ११०० डी बनू लागली. १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं आणि २००० च्या सुमाराला उत्पादन थांबलं. पण मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती पुढेही धावत राहिली. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. टॅक्सीवाल्याला रोज जे लागायचं ते बनवणारे कारखाने त्यामुळे टिकले: क्लच प्लेट, ब्रेक किट, किंगपिन (ज्या पिनवर पुढचं चाक वळतं ती) सेट, गॅस्केट, वॉटर पंपाचं किट, सायलेन्सर. हा माल आजही मिळतो, पण नव्याने बनणं कमी होत चाललंय. टॅक्सीला ज्याची पर्वा नव्हती ते मात्र तेव्हाही दुर्मिळ होतं: मूळ ग्रिल, बीडिंग, दरवाज्याची हँडलं, डॅशबोर्डचे नॉब, बिल्ले, सीटचं मूळ कापड. म्हणून तुमच्या शोधाची ताकद इंजिनवर खर्च करू नका, या दुसऱ्या यादीवर करा. आणि गाडी पूर्ण उघडण्याआधीच हा शोध सुरू करा.

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजाराच्या गल्ल्या, पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार, ही पहिली ठिकाणं. बाहेर दिल्लीचं कश्मीरी गेट, चेन्नईचं पुदुपेट, कोलकात्याचा मल्लिक बाजार, बंगळुरूचा जे. सी. रोड. इंजिन आणि चालीचा माल मुंबईतच बघा, कारण टॅक्सी इथे होत्या. ग्रिल, हँडलं, बीडिंग अशा ट्रिमसाठी मात्र दक्षिणेत फोन करण्यात अर्थ आहे. कोरड्या हवेतल्या घरगुती गाड्यांचे पत्रे आणि हँडलं मुंबईच्या खाऱ्या हवेतल्या मालापेक्षा बरी निघतात.

दुकानात मॉडेलचं वर्ष सांगून भागत नाही. वर्षागणिक बदल होत गेले आणि अनेक गाड्यांवर मधल्या काळात दुसऱ्या वर्षाचे पार्ट चढलेत. डायनॅमो आहे की अल्टरनेटर, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आहे की खाली, कार्ब्युरेटरवर कोणता नंबर कोरलाय, हे आपल्या गाडीवर बघून लिहून न्या. शेवटच्या वर्षांतल्या फ्लोअर-शिफ्ट गाड्यांचा गिअरबॉक्स वेगळा आहे, त्याचे आतले पार्ट तुमच्या कॉलम-शिफ्टला बसत नाहीत. शक्य तिथे जुना पार्टच बरोबर न्या. मोठा असेल तर शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा आणि बेअरिंगचा व ऑइल सीलचा नंबर टिपून घ्या. बेअरिंग आणि सील बहुधा प्रमाणित मापाचे असतात. ‘पद्मिनीचं बेअरिंग’ मागितलंत तर जे येईल ते घ्यावं लागतं. तेच नंबराने बेअरिंगच्या दुकानात मागितलं तर चांगल्या कंपनीचं ताजं मिळतं.

आता ‘कंपनीचा जुना नवा माल’. पंचवीस-तीस वर्षं डब्यात पडलेला, न वापरलेला पार्ट हातात आला की माणूस हुरळतो. धातूचा असेल तर जरूर घ्या: क्राऊन-पिनियन, गिअर, कॅमशाफ्ट, रॉकर, कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाचे तुकडे). असा माल आजच्या बनावटीपेक्षा सरस असतो. पण रबर डब्यातही म्हातारं होतं. ब्रेकचे कप, होजपाइप, इंजिन माउंटिंग, पेट्रोल पंपाचा पडदा, ऑइल सील, हे जुन्या डब्यातलं फुकट मिळालं तरी घालू नका. क्लच प्लेटचं फेसिंग आणि रिव्हेट नीट तपासा. ब्रेक लायनर जुना असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस धरूनच चाला. तो घासायचा नाही, आणि ड्रममधली धूळ हवेने उडवायची नाही. ओल्या फडक्याने पुसायची.

डब्यावरच्या नावावर विश्वास ठेवू नका, मापावर ठेवा. खिशात व्हर्नियर आणि घरी मायक्रोमीटर एवढं असलं तरी डुप्लिकेट माल बराच पकडता येतो. चार पिस्टन वजनकाट्यावर ठेवा, फरक चार-पाच ग्रॅमहून जास्त असेल तर सेट परत. किंगपिनवर कानस हलकेच ओढा. ती चावली तर पिन कडक केलेली नाही. चांगल्या पिनवरून कानस घसरते.

ब्रेकपासून सुरुवात करा, कारण उभ्या गाडीत सगळ्यात आधी तेच जातात. चारही चाकांना ड्रम, हायड्रॉलिक. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, ते पाणी सिलिंडरच्या तळाशी बसतं आणि बोअरला, म्हणजे आतल्या भिंतीला, खड्डे पडतात. नखाला लागणार नाही इतका हलका डाग असेल तर बारीक होनने (आतून घासायच्या दगडाने) निघतो. नख अडकलं तर होन करत बसू नका. बोअर मोठा होतो आणि कप सैल पडून दाबाखाली उलटतो. अशा वेळी नवं सिलिंडर घ्या. नव्याची ओतकाम-घडण खराब वाटली तर मूळ सिलिंडरला स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह (आतली नळी) बसवून घ्या. लेथवर बोअर तीनेक मिलिमीटर मोठा करायचा, स्लीव्ह दाबून बसवायची आणि आतून होन करून मूळ मापावर आणायची.

या कामात चूक नेमकी दोन ठिकाणी होते. स्लीव्ह बसली की ऑइल येण्याचं आणि हवा काढण्याचं भोक झाकलं जातं. ते पुन्हा पाडल्यावर आतल्या बाजूची धार मारली नाही, तर पहिल्याच दिवशी कप कापला जातो. मास्टर सिलिंडरमध्ये तर एक मिलिमीटरहूनही बारीक असं परतीचं भोक असतं. ते उघडायचं राहिलं की पेडल सोडल्यावर दाब उतरत नाही, ब्रेक धरून राहतात आणि ड्रम तापतात. मग मिस्त्री शू सैल करत बसतो आणि खरं कारण तसंच राहतं. बारीक तार घालून ते भोक मोकळं आहे हे जोडणीआधी स्वतः बघा. हे भाग पेट्रोल-रॉकेलने धुवायचे नाहीत, रबर फुगतं. ताजं ब्रेक ऑइल किंवा आयसोप्रोपाइल अल्कोहोल वापरा. पाइप ब्रेकसाठीच्या स्टीलचे किंवा तांबे-निकेल मिश्रधातूचे, टोकाला दुहेरी फ्लेअर करूनच. फ्रीजची साधी तांब्याची नळी कंपनाने तडकते, आणि या गाडीला सर्किट एकच असल्यामुळे एक पाइप गेला की चारही ब्रेक जातात.

पुढच्या चाकांत किंगपिन आहेत. किट सहज मिळतं, काम बिघडतं ते रीमिंगला, म्हणजे बुशचं भोक नेमक्या मापाला घासताना. जुने बुश काढून नवे दाबताना ग्रीसचं भोक निपलच्या भोकासमोर आलंच पाहिजे, नाहीतर कितीही ग्रीस मारा, आत पोचत नाही. मग वरचा आणि खालचा बुश एकाच लांब रीमरने, एका दमात रीम करायचा. दोन्ही वेगवेगळे केले तर दोघांची रेघ जुळत नाही. पिन घट्ट जाते, स्टिअरिंग जड होतं आणि वळणानंतर सरळ येत नाही. पिनला हलकं तेल लावून अंगठ्याने दाबल्यावर ती सावकाश आत सरकली पाहिजे, आपल्या वजनाने खाली पडता कामा नये. वर-खालचा खेळ शिमने काढायचा. नंतर दर दीड-दोन हजार किलोमीटरला ग्रीस. तेवढं केलं नाही तर सगळी मेहनत दोन पावसाळ्यांत वाया.

इंजिन १०८९ सीसीचं, ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, तीन मेन बेअरिंग, ओतीव लोखंडाचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचं हेड. ब्लॉकच्या कामाचा क्रम पक्का ठेवा: आधी पिस्टन हातात, मग बोअरिंग. वीस थाऊचे (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पिस्टन ‘मिळतीलच’ म्हणून ब्लॉक वीस थाऊने बोअर करून ठेवला आणि बाजारात तीस थाऊचेच सापडले, की ब्लॉकचं एक आयुष्य फुकट जातं. बोअर वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी डायल गेजने मोजून घ्या. क्रँक ग्राइंड करताना जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) कडेची गोलाई राखायला ग्राइंडरवाल्याला बजावून सांगा. घाईत ती गोलाई काटकोनी झाली की क्रँक नेमका तिथेच तुटतो, तोही काही हजार किलोमीटर धावल्यावर. बेअरिंगची फट प्लॅस्टिगेजने बघितल्याशिवाय इंजिनची जोडणी पूर्ण करू नका. प्लॅस्टिगेज मेणाच्या बारीक काडीसारखा असतो. बेअरिंगमध्ये ठेवून टोपी कसायची, उघडायची आणि चपटलेली रुंदी पट्टीवर मोजायची.

हेडला जास्त वेळ द्या. वर्षानुवर्षं नळाचं पाणी घातल्यामुळे ॲल्युमिनियम पाण्याच्या वाटांभोवती खाल्लं जातं. गॅस्केटची कडा जिथे बसते तिथेच धातू उरत नाही, म्हणून नवं गॅस्केट टाकलं तरी महिन्याभरात पाणी ऑइलमध्ये. खड्डे उथळ असतील तर प्लेनिंगने (मशीनवर पृष्ठभाग सपाट करून) निघतात. खोल असतील तर आर्गन वेल्डिंगने भरून मग प्लेनिंग. वेल्डिंगआधी हेड पूर्ण धुऊन, भट्टीत तापवून आतलं तेल बाहेर काढलं नाही, तर वेल्ड जाळीदार होतो. प्लेनिंग लागेल तेवढंच करा, कारण प्रत्येक वेळी कॉम्प्रेशन वाढतं. काम झाल्यावर स्टीलची सरळ पट्टी उभी, आडवी आणि तिरकी ठेवून ०.०५ मिलिमीटरचा फिलर (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघा. तो शिरता कामा नये. टॅक्सीतून निघालेलं हेड विकत घेत असाल तर व्हॉल्व्ह सीट बघा. सीएनजीवर धावलेल्या इंजिनांच्या सीट खोल गेलेल्या असतात. नवी सीट बसवता येते, पण तो खर्च हेडच्या किमतीत धरून घासाघीस करा. जोडल्यावर साधं पाणी पुन्हा घालू नका, गंजरोधक कूलंटच. रेडिएटर पितळी असेल तर फेकू नका. कोअर बदलून, जुन्या टाक्या झाळून तो वर्षानुवर्षं चालतो.

बोल्ट ही छोटी गोष्ट वाटते, पण ॲल्युमिनियमचे आटे त्यापायीच जातात. ही फियाटची, म्हणजे मेट्रिक गाडी आहे आणि दहा मिलिमीटरचे अनेक बोल्ट १.२५ पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) आहेत. हार्डवेअरच्या दुकानात दहाचा बोल्ट मागितला की १.५ पिचचा हातात पडतो. तो दोन फेरे जातो, मग पान्याने ‘बसवला’ जातो आणि आटा संपतो. पिच गेज घ्या, प्रत्येक बोल्ट बोटांनी निदान चार फेरे जायला हवा. आटा गेलाच असेल तर हेलिकॉइल (तारेचा नवा आटा) टाका. मोठं भोक पाडून जाडा बोल्ट ठोकणं नको.

पेट्रोलच्या वाटेवर आता नवा प्रश्न आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि ही गाडी त्यासाठी घडवलेली नाही. जुने रबरी पाइप आतून सुटतात, त्यांचा काळा भुगा जेटमध्ये अडकतो. पेट्रोल पंपाचा पडदा आणि सगळे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्या. पाइपवर एसएई ३० आर ९ असं छापलेलं असतं. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. गाडी ओढत नाही, चढावर तापते. सोलेक्स कार्ब्युरेटरच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. म्हणजे १२० च्या जागी १२५ घातला तर भोकाचं क्षेत्रफळ साधारण साडेआठ टक्क्यांनी वाढतं, तेवढं पुरतं. जेट तारेने कोरून मोठा करू नका. भोक वाकडं होतं आणि पुन्हा कधीच सूत जुळत नाही. जुना कार्ब्युरेटर झिजतो तो थ्रॉटलच्या दांड्याशी. दांडा हलवून खेळ जाणवला तर तिथून हवा शिरतेय, आणि आयडलिंग कधीच लागणार नाही. भोक मोठं करून पितळी बुश बसवून घ्या. बाजारातल्या स्वस्त नव्या कार्ब्युरेटरपेक्षा असा दुरुस्त केलेला मूळ कार्ब्युरेटर केव्हाही चांगला. टाकी गंजली असेल तर फॉस्फोरिक ॲसिडने साफ करून घ्या. पेट्रोलच्या टाकीला वेल्डिंगची ज्योत मात्र लावू देऊ नका. वर्षांपूर्वी रिकामी केलेली टाकीसुद्धा वाफेने फुटते.

पत्र्याचं काम सर्वांत महागडं, आणि त्यातच सर्वांत जास्त लपवाछपवी होते. या गाडीला वेगळी चेसिस नाही, बॉडीच वजन पेलते. म्हणून दरवाज्याखालची सिल, जॅक लावण्याची जागा आणि मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) आधार कुजले असतील तर तो नुसता रंगाचा प्रश्न उरत नाही. चुंबक कापडात गुंडाळून फिरवा. जिथे पकडत नाही तिथे आत लांबी (पुट्टी) भरलेली आहे. स्क्रू-ड्रायव्हरने खालून टोचा, हात आखडता घेऊ नका. सिल कापण्याआधी दरवाज्याच्या चौकटीत पंचवीस मिलिमीटरच्या चौकोनी पाइपाचे आडवे-तिरके टेकू टॅक करा, आणि कर्णाची मापं खडूने बॉडीवरच लिहून ठेवा. एका वेळी एकच बाजू. दोन्ही बाजू एकदम कापल्या की गाडी मध्ये झुकते आणि नंतर दरवाजे कधीच सारखे बंद होत नाहीत. सिल आणि फ्लोअरला १८ गेज, बाहेरच्या पॅनलला २० गेज सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा. तयार पॅनल मिळालं तर उत्तम, पण फ्लोअर आणि सिलसाठी ते शोधत सहा महिने घालवू नका. चांगला डेंटर पत्रा वाकवायच्या मशीनवर करून देतो. जुन्या कुजक्या पत्र्यावर नवा पत्रा चढवणं हा शॉर्टकट सर्रास चालतो. दोन थरांत पाणी राहतं आणि तीन पावसाळ्यांत नवा पत्राही जातो. कापून, कडेला कड लावून वेल्ड, आत झिंक प्रायमर, शेवटी पोकळीत मेण. पाणी निघायची भोकं बुजवू नका.

क्रोमला देताना पार्ट कोणत्या धातूचा आहे ते आधी ओळखा. बंपर लोखंडी, ते सोपे. दरवाज्याची हँडलं, दिव्यांच्या काही रिंगा आणि बिल्ले जस्ताच्या डाय-कास्टचे. तिथे खरं कसब लागतं. त्यांच्यावर बारीक फोड दिसतात ते वरचं क्रोम फुगून आलेले नसतात, खाली जस्त कुजलेलं असतं. नुसतं घासून क्रोम चढवलं तर तेच फोड वर्षात परत. जुना थर उतरवून प्रत्येक खड्डा कोरून स्वच्छ करायचा, तांब्याचा पहिला थर द्यायचा, खड्डे झाळाने भरायचे, पुन्हा जाड तांबं, बफिंग, मग निकेल आणि शेवटी क्रोम. चमक आणि टिकाऊपणा निकेलमध्ये असतो. क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. म्हणून प्लेटिंगवाल्याला ‘क्रोम जाड मारा’ म्हणू नका. ‘आधी तांबं आणि पंधरा-वीस मायक्रॉन निकेल’ असं सांगा आणि तसा दर द्या. ॲल्युमिनियमचं बीडिंग क्रोमला द्यायचंच नाही. लाकडी हातोडीने सरळ करून, बफ करून ॲनोडाइझ. देण्याआधी प्रत्येक तुकडा मोजून फोटो काढा, लहान तुकडे टाकीच्या तळाशी हरवतात.

पुढची काच शाबूत असेल तर ती सोनं समजा. वाकलेली काच नुसती मापाने कापून मिळत नाही, त्याला साचा लागतो. काढताना ढकलू नका. जुनं रबर ब्लेडने कापून टाका, तसंही ते नवंच घालायचंय. दरवाज्याच्या रबराचा दहा सेंटिमीटरचा न दबलेला तुकडा, बहुधा कोपऱ्यात मिळतो, कापून एक्स्ट्रूजन करणाऱ्याकडे न्या आणि ईपीडीएम रबर मागा. जास्त जाड किंवा कडक प्रोफाइल घेतलं तर दरवाजा आपटावा लागतो, आणि बिजागऱ्या लोंबतात.

शेवटी कागद. सुट्या पार्टांपेक्षा पार्ट काढण्यासाठी घेतलेली अख्खी डोनर गाडी पुष्कळदा स्वस्त पडते, कारण नॉब, क्लिप, स्क्रू, वायरिंगचे कनेक्टर, जे कुठल्याच दुकानात नाही ते सगळं त्यात येतं. पण आरसी, मालकाची सही असलेली पावती आणि चेसिस नंबरचा फोटो घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. डोनरचं इंजिन तुमच्या गाडीत घातलंत तर इंजिन नंबर आरटीओत आरसीवर चढवून घ्या, नाहीतर नूतनीकरणाच्या तपासणीत आणि विम्याच्या दाव्यात अडकाल. पत्र्याचं काम सुरू होण्याआधी तुमच्या गाडीच्या चेसिस नंबराची जागा डेंटरला दाखवून तिथे चिकटपट्टी लावा. तो भाग कापायचा, घासायचा किंवा लांबीखाली झाकायचा नाही. तुमची गाडी १९८३ ची, त्यामुळे ‘व्हीए’ मालिकेतली व्हिंटेज नोंदणी आज लागू होत नाही. २०२१ च्या नियमांनुसार त्याला पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात. तोवर नेहमीचं नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर. नूतनीकरणाची मुदत टळून गेली असेल तर इंजिन उघडण्याआधी आरटीओचं काम बघा, कारण तपासणीला गाडी चालत न्यावी लागते.